इथेन, इथीन, इथाइन: मात्रा बदलली की बंध बदलतो

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हापूसच्या पेट्या उतरू लागल्या की दोन वायूंची नावं कानावर पडतात. एक इथिलीन, दुसरा ॲसिटिलीन. इथिलीन वापरून आंबा पिकवायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) परवानगी आहे. ॲसिटिलीन निघतो कॅल्शियम कार्बाइडच्या पुडीतून, आणि फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे, कारण त्याच्यासोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसची विषारी संयुगंही बाहेर पडतात. दोन्ही वायूंत कार्बनचे अणू दोनच. फरक हायड्रोजनच्या एका जोडीचा, आणि त्यामुळे दोन कार्बनमधल्या एका बंधाचा.

नावं मात्र जुळ्या भावंडांसारखी, आणि मुलांची पहिली चूक इथेच होते. इथिलीनचं पद्धतशीर नाव इथीन, ॲसिटिलीनचं इथाइन. जुनी नावं दोन्ही ‘ईन’ने संपतात, म्हणून ॲसिटिलीनला दुहेरी बंध देऊन टाकणारी उत्तरपत्रिका दरवर्षी सापडते. त्यात तिहेरी बंध आहे.

नावं पाठ करून हा विषय येत नाही. रचना आधी काढायची आणि नाव त्या रचनेतून वाचायचं, या क्रमाने गेलं तर पाठ करण्यासारखं फार थोडं उरतं.

या लेखात सी म्हणजे कार्बन, एच म्हणजे हायड्रोजन, आणि अक्षरापुढचा आकडा म्हणजे त्या अणूंची संख्या. इथेन सी२एच६, इथीन सी२एच४, इथाइन सी२एच२.

बटाटा, हरभरे आणि टूथपिक

अप्पा बळवंत चौकात रेणूंच्या प्रतिकृतींचे संच मिळतात, पण पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातलं सामान पुरतं. कच्च्या बटाट्याचे लिंबाएवढे दोन तुकडे कापा, हे कार्बन. रात्रभर भिजवलेले सहा हरभरे, हे हायड्रोजन. बंधांसाठी टूथपिक. नियम एकच: प्रत्येक बटाट्यात बरोबर चार टूथपिक खोचलेल्या हव्यात आणि प्रत्येक हरभऱ्यात एक. कार्बनची संयुजा चार, हायड्रोजनची एक, एवढाच याचा अर्थ.

दोन बटाटे एका टूथपिकने जोडलेत तर प्रत्येकाला तीन जागा उरतात. सहा हरभरे बसतात, सात काड्या लागतात. हे इथेन. आता प्रत्येक बटाट्यावरून एकेक हरभरा काडीसकट काढा. दोन जागा रिकाम्या झाल्या. त्या भरायच्या तर बटाट्यांमध्ये दुसरी काडी घालावी लागते. चार हरभरे, सहा काड्या: इथीन. आणखी एक जोडी काढा, तिसरी काडी घाला: दोन हरभरे, पाच काड्या, इथाइन. हायड्रोजनची जोडी गेली की एक बंध वाढतो. ‘असंतृप्त’ या शब्दात एवढंच आहे. कार्बनला हायड्रोजन पुरेसे मिळाले नाहीत, म्हणून त्याने उरलेला हात शेजारच्या कार्बनला दिला.

आता खरी गंमत. इथेनचा एक बटाटा धरून दुसरा फिरवा. गरगर फिरतो. इथीनचा फिरवून बघा. दोन काड्या आडव्या येतात, जोर लावला तर बटाटा फाटतो. रेणूतही हेच होतं. पुढे सिस आणि ट्रान्स येतात ते यामुळेच, तेव्हा हा बटाटा लक्षात असू द्या.

एका बाबतीत मात्र ही प्रतिकृती फसवते. तिच्यात दोन्ही काड्या सारख्या दिसतात. खऱ्या दुहेरी बंधात दोन वेगळ्या जातीचे बंध असतात. पहिला, सिग्मा, दोन कार्बनच्या थेट मधल्या रेषेवर. दुसरा, पाय (ग्रीक अक्षर π), त्या रेषेच्या वर आणि खाली पसरलेला इलेक्ट्रॉनांचा ढग. पाय बंध कमकुवत असतो. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल लागतात, दुहेरीला सुमारे ६१० आणि तिहेरीला सुमारे ८४०. दुहेरी म्हणून ऊर्जा दुप्पट झाली नाही. दुसऱ्या बंधाने २६०च भर घातली. अल्कीन, म्हणजे दुहेरी बंध असलेले हायड्रोकार्बन, जे काही करतात, ब्रोमीन पकडतात, हायड्रोजन घेतात, पॉलिथिन होतात, ते या सैल धरलेल्या पाय बंधाच्या जोरावर.

बंध वाढला की कार्बन जवळ येतात: एकेरीची लांबी १५४ पिकोमीटर, दुहेरीची १३४, तिहेरीची १२०. आकारही बदलतो. इथेनमध्ये प्रत्येक कार्बनभोवती चौफलक. इथीनचे सहाही अणू एका सपाट पानात, कोन १२० अंशांच्या आसपास. इथाइन सरळ काठी, १८० अंश. वहीत तिहेरी बंधाच्या कार्बनवर साखळीला नागमोडी वळण देऊ नका. तिथे चार अणू एका रेषेत असतात, आणि तशीच रेघ काढावी.

नावाचे दोन तुकडे

प्रत्येक नावाचा पहिला तुकडा कार्बन मोजतो: मिथ एक, इथ दोन, प्रोप तीन, ब्युट चार, पेंट पाच, हेक्स सहा. दुसरा तुकडा, शेपूट, बंध सांगतो: ‘एन’ म्हणजे सगळे बंध एकेरी, ‘ईन’ म्हणजे दुहेरी, ‘आइन’ म्हणजे तिहेरी. हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये इंग्रजी स्वरांच्या क्रमाने अशा शेपट्या सुचवल्या, आणि १८९२ च्या जिनिव्हा परिषदेपासून नामकरणाला आंतरराष्ट्रीय शिस्त येऊ लागली. मराठीत तो फरक मात्रेवर येतो. प्रोपेन, प्रोपीन, प्रोपाइन मोठ्याने म्हणा. ‘पे’चा ‘पी’ झाला की हायड्रोजनची एक जोडी गेली.

म्हणून शुद्धलेखन इथे शास्त्राचाच भाग आहे. घाईत ‘प्रोपेन’ लिहून दुहेरी बंध काढला तर तपासणाऱ्याला काय मानायचं तेच कळत नाही. सगळ्यात मोठा सापळा ‘ब्युटाडाईन’ या शब्दात आहे. शेवट ‘आईन’सारखा ऐकू येतो, म्हणून मुलं तिहेरी बंध काढतात. फोड करून बघा: डाय अधिक ईन, म्हणजे दोन दुहेरी बंध. दोन तिहेरी बंध असले तर डाय अधिक आइन, ‘डायाइन’.

‘मिथीन’ आणि ‘मिथाइन’ असे हायड्रोकार्बन नाहीत. दुहेरी बंधाला दोन कार्बन लागतात, एकट्याने हात कोणाला द्यायचा?

चार कार्बन: इथून आकडे लागतात

तीन कार्बनपर्यंत आकड्याची गरज नाही. प्रोपीनमध्ये दुहेरी बंध डावीकडे काढा की उजवीकडे, कागद उलटला की एकच. चार कार्बनला मात्र बंध टोकाला आहे की मध्ये, हे सांगावं लागतं.

सूत्र घ्या सी४एच८. काहीही काढण्याआधी एक छोटा हिशेब करा: कार्बनची दुप्पट अधिक दोन, त्यातून हायड्रोजन वजा, उत्तराचे निम्मे. चार दुणे आठ, अधिक दोन दहा, वजा आठ, राहिले दोन, निम्मा एक. म्हणजे हायड्रोजनची एक जोडी कमी आहे. ती एका दुहेरी बंधात गेली असेल किंवा साखळीची दोन टोकं जुळून झालेल्या एका वलयात. वलय विसरणं ही इथली नेहमीची चूक. उत्तर दोन आलं तर दोन दुहेरी, किंवा एक तिहेरी, किंवा वलय अधिक एक दुहेरी, किंवा दोन वलयं.

आता सरळ साखळी काढा आणि बंध एकेक जागी ठेवून बघा.

सीएच२=सीएच–सीएच२–सीएच३

हे १-ब्युटीन. मोजणी डावीकडून केली तर दुहेरी बंध पहिल्या कार्बनपासून सुरू होतो, उजवीकडून केली तर तिसऱ्यापासून. लहान आकडा घ्यायचा. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानाची खूण आपण जवळच्या चौकापासून सांगतो, अलका टॉकीजला लागून असलेल्या दुकानासाठी कुणी क्वार्टर गेटपासून मोजत येत नाही. तसंच हे. ‘३-ब्युटीन’ असं कुणी लिहिलं तर रचना बरोबर असू शकते, मोजणी उलट्या टोकाने झाली. बंध दोन कार्बनमध्ये असला तरी आकडा एकच, त्यातला लहान. ‘२,३-ब्युटीन’ असं नाव नसतं.

सीएच३–सीएच=सीएच–सीएच३

हे २-ब्युटीन. दोन्हीकडून मोजलं तरी दोनच. हल्लीच्या पुस्तकांत ब्युट-१-ईन, ब्युट-२-ईन असं लिहितात, आकडा शेपटीला चिकटवून. शेपूट ज्याची, आकडा त्याच्याजवळ. नाव लांबलं की याचा फायदा कळतो. जुनी पद्धत चूक नाही, पण एका उत्तरात दोन्ही मिसळू नका. आकडा आणि अक्षर यांच्यामध्ये जोडरेघ, आकडा आणि आकडा यांच्यामध्ये स्वल्पविराम.

सरळ साखळी संपली, आता फांदी. तीन कार्बनची साखळी, मधल्यावर एक मिथाइल, म्हणजे सीएच३ हा एका कार्बनचा गट: २-मिथाइलप्रोपीन, जुनं नाव आयसोब्युटिलीन. फांदीच्या नावांत सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून दोन चुकीची नावं दुरुस्त करून बघू.

‘१-मिथाइलप्रोपीन’ असं नाव समोर आलं, तर ते जसंच्या तसं काढा. प्रोपीनच्या पहिल्या कार्बनवर मिथाइल. आता बोट ठेवून साखळी मोजा: चार कार्बन सरळ लागतात. फांदी नाहीच ती, साखळीचंच टोक आहे. हे २-ब्युटीन. पहिल्या कार्बनवर मिथाइल दिसलं की साखळी मोजायला चुकली असं समजा; वलयाला हे लागू नाही.

‘२-इथाइलप्रोपीन’ हे दुसरं. मधल्या कार्बनवर दोन कार्बनची इथाइल फांदी. दुहेरी बंधाच्या टोकापासून निघा आणि प्रोपीनच्या मिथाइलकडे न वळता इथाइलकडे वळा. चार कार्बनची साखळी मिळते, मिथाइल फांदी होतं. बरोबर नाव २-मिथाइल-१-ब्युटीन. कागदावर जी रेघ सरळ काढली आहे तीच साखळी, असं डोळे सांगतात. ऐकू नका. साखळी कोपरा वळून गेली तरी साखळीच.

आकडा देताना आधी बंधाचा विचार, मग फांदीचा. सीएच२=सीएच–सीएच(सीएच३)–सीएच३ मध्ये फांदीला लहान आकडा द्यायला उजवीकडून मोजलं तर बंध तिसऱ्यावर जातो. ते चालत नाही. ३-मिथाइल-१-ब्युटीन हेच नाव.

सी४एच८ ची वलयं दोन: सायक्लोब्युटेन आणि मिथाइलसायक्लोप्रोपेन. दोघांची शेपूट ‘एन’ आहे, कारण बंध सगळे एकेरी. सायक्लोब्युटेन ब्रोमीनचा नारिंगी रंग घालवत नाही, ब्युटीन घालवते.

सी४एच८ च्या आतापर्यंत पाच रचना झाल्या. सहावी कुठे आहे? बटाट्याकडे परत जा.

एकाच बाजूला की समोरासमोर

२-ब्युटीनच्या प्रतिकृतीत दुहेरी बंधाच्या प्रत्येक कार्बनवर एक मिथाइल आणि एक हायड्रोजन आहे. दोन्ही मिथाइल एका बाजूला बसवता येतात: सिस. किंवा विरुद्ध बाजूंना: ट्रान्स. मधला बंध फिरत नाही, म्हणून एकाचा दुसरा आपोआप होत नाही. फिरवायचं तर पाय बंध तोडावा लागेल, त्याला मोलमागे २६० किलोज्यूलच्या आसपास हवेत, आणि खोलीच्या तापमानाला उष्णतेतून मिळतात अडीच. हे दोन खरोखर वेगळे पदार्थ आहेत. सिस ३.७ अंश सेल्सिअसला उकळतं, ट्रान्स ०.९ अंशाला. सिसमध्ये दोन्ही मिथाइल एका बाजूला आल्याने रेणूला किंचित ध्रुवता येते आणि रेणू एकमेकांना जरा जास्त धरून ठेवतात. वितळण्यात उलटं: ट्रान्स उणे १०५.५ अंशांना वितळतं, सिस त्याहून बरंच खाली, उणे १३८.९ ला. ट्रान्सचा सरळसोट आकार स्फटिकात नीट रचला जातो.

१-ब्युटीनला सिस-ट्रान्स नसतं. टोकाच्या कार्बनवर दोन्ही हायड्रोजनच, अदलाबदल केली तरी तेच. कसोटी अशी: दुहेरी बंधाच्या प्रत्येक कार्बनवरचे दोन गट एकमेकांपासून वेगळे असले तरच हा प्रश्न विचारायचा.

तीन-चार वेगळे गट आले की सिस आणि ट्रान्स हे शब्द अपुरे पडतात. ३-मिथाइल-२-पेंटीन घ्या. दोन मिथाइल एका बाजूला असतील तर सिस म्हणावंसं वाटतं, पण मग मुख्य साखळी बंधाच्या दोन बाजूंना गेलेली असते. अशा वेळी प्रत्येक कार्बनवरचा वरचढ गट ठरवायचा. थेट जोडलेल्या अणूचा अणुअंक मोठा तो वरचढ. बरोबरी झाली तर पुढच्या अणूंकडे जायचं. इथे एका कार्बनवर मिथाइल हायड्रोजनपेक्षा वरचढ, दुसऱ्यावर इथाइल मिथाइलपेक्षा. वरचढ गट एका बाजूला असले तर ‘झेड’, विरुद्ध बाजूंना असले तर ‘ई’. दोन्ही जर्मन शब्दांची आद्याक्षरं. या उदाहरणात मिथाइल एका बाजूला असूनही उत्तर ‘ई’ येतं, म्हणून सिसचं भाषांतर झेड आणि ट्रान्सचं ई असं ठोकून देऊ नका.

तिहेरी बंध, आणि दोन्ही एकत्र

सी४एच६ चा हिशेब दोन येतो. १-ब्युटाइन, २-ब्युटाइन, ब्युटा-१,२-डाईन आणि ब्युटा-१,३-डाईन हे साखळीचे चार प्रकार. वलयाचे आणखी पाच निघतात. सिस-ट्रान्सचा प्रश्न २-ब्युटाइनला येत नाही, चारही कार्बन एका रेषेत असतात. १-ब्युटाइन ८ अंशांना उकळतं, २-ब्युटाइन २७ अंशांना. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे इथे दोन्ही आकडे दीड-दोन अंशांनी उतरतात. थंडीत २-ब्युटाइन बाटलीत द्रव असेल, एप्रिलच्या दुपारी झाकण सैल राहिलं तर उडून जाईल.

दोघांना ओळखायचं तर अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट वापरतात. तिहेरी बंधाच्या कार्बनवर थेट हायड्रोजन असेल तर तो निघून चांदी बसते आणि पांढरा साका पडतो. १-ब्युटाइन साका देतं, २-ब्युटाइन नाही. तो साका वाळला की धक्क्याने फुटतो. ओला असतानाच विरळ नायट्रिक आम्ल घालून नष्ट करायचा, नळी तशीच स्टँडवर ठेवून जेवायला जायचं नाही.

भोसरीतल्या वेल्डिंगच्या शेडमध्ये ॲसिटिलीनच्या तपकिरी-लाल सिलिंडरवर हाच नियम तांब्याच्या रूपात लागू असतो. इथाइनला दोन्ही टोकांना असा हायड्रोजन आहे. तांब्याशी त्याचं स्फोटक संयुग होऊ शकतं, म्हणून या वायूच्या जोडण्यांत शुद्ध तांब्याची नळी चालत नाही. सिलिंडरच्या आत सच्छिद्र भराव असतो आणि वायू ॲसिटोनमध्ये विरघळवलेला असतो, कारण नुसता दाबून भरलेला इथाइन स्वतःहून विघटित होऊन फुटू शकतो. सिलिंडर आडवा ठेवला तर ॲसिटोन वायूबरोबर बाहेर येतं. उभाच ठेवायचा.

एकाच साखळीत दुहेरी आणि तिहेरी दोन्ही असले तर नावात ‘ईन’ आधी, ‘आइन’ शेवटी, नेहमी. आकडे मात्र दोघांचा एकत्र विचार करून, जो संच लहान तो. पाच कार्बन, एका टोकाला तिहेरी आणि मध्ये दुहेरी: एका बाजूने १ आणि ३, दुसऱ्या बाजूने २ आणि ४. पहिला संच घ्यायचा, नाव पेंट-३-ईन-१-आइन. दुहेरीला मोठा आकडा मिळाला तरी हरकत नाही. दोन्ही बाजूंनी संच सारखाच आला, तरच दुहेरीला लहान आकडा: हेक्स-१-ईन-५-आइन.

आययूपॅक या रसायनांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१३ च्या शिफारशींत एक मोठा बदल झाला. पूर्वी मुख्य साखळीत दुहेरी बंध असायलाच हवा होता, आता सगळ्यात लांब साखळी आधी, मग बंध. २-इथाइल-१-पेंटीनचं नाव त्यामुळे ३-मिथिलिडीनहेक्झेन होतं. बारावीच्या किंवा प्रवेश परीक्षेच्या प्रश्नाला पाठ्यपुस्तकाचा जुना नियमच वापरा. संशोधन निबंध वाचताना नवं नाव दिसलं तर दचकू नका.

वलयात दुहेरी बंध असेल तर त्याचे दोन कार्बन आपोआप १ आणि २ होतात, म्हणून बंधाचा आकडा लिहीत नाहीत. मोजणी कुठल्या दिशेने करायची ते फांदी ठरवते, तिला लहान आकडा मिळेल अशा दिशेने. याचं एक उदाहरण फळांच्या शीतगृहात भेटतं. पेंढ्यातल्या अढीत आंबा पिकतो तो स्वतःच सोडलेल्या इथीनमुळे. इथीनचा पाय बंध फळाच्या पेशीतल्या एका प्रथिनावरच्या तांब्याच्या आयनाला चिकटतो आणि पिकण्याची साखळी सुरू होते. ती थांबवायला जो वायू सोडतात तो तीन कार्बनचं वलय, त्यात एक दुहेरी बंध आणि बंधाच्याच एका कार्बनवर मिथाइल. तो त्याच तांब्यावर इथीनपेक्षा घट्ट बसतो आणि इथीनला जागा उरत नाही. फळाने नवीन प्रथिनं तयार केली की पिकणं पुन्हा सुरू होतं. सूत्र सी४एच६, हिशेब दोन: एक वलय, एक दुहेरी. मिथाइल बंधाच्या कार्बनवर असल्याने त्याला १ मिळतो, नाव १-मिथाइलसायक्लोप्रोपीन. ते तिसऱ्या कोपऱ्यावर असतं तर बंधाने १ आणि २ आधीच घेतलेले असते, आणि नाव ३-मिथाइलसायक्लोप्रोपीन झालं असतं.